पिन बसते, लाईट लागते, पण चार्जिंग होईना: जुन्या लॅपटॉपला बदली अडॅप्टर शोधताना

दोन वर्षांत तीन अडॅप्टर गेले माझे. तिन्ही वेळा तक्रार तीच, प्लग लावलाय पण चार्जिंग होत नाही. पहिल्यांदा मी सोलापूरच्या नवी पेठेत गेले, "ह्या लॅपटॉपचा चार्जर द्या" म्हणाले आणि जो दिला तो घेऊन आले. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मात्र बसून एकेक गोष्ट तपासली, आणि तेव्हा कळलं की लक्षण एकच असलं तरी तिन्ही वेळचं कारण वेगवेगळं होतं. दोन वेळा तर अडॅप्टर बदलायची गरजच नव्हती किंवा बदलून उपयोग नव्हता. म्हणून हे सविस्तर लिहितेय. आपल्याकडं आठ-दहा वर्षं जुना लॅपटॉप वापरणारे भरपूर आहेत आणि दुकानात सगळ्यांना एकच उत्तर मिळतं, नवीन चार्जर घ्या.

आधी माझं काय काम आहे ते सांगते म्हणजे जुनाच लॅपटॉप का धरून बसलेय ते कळेल. मी टॉवेल आणि चादरीची जेकार्ड डिझाइन, म्हणजे मागावर विणून उठवायची नक्षी, करते, अशोक चौकाच्या पुढं एका कारखान्याला लागून असलेल्या खोलीत बसून. डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं, त्याचं लायसन्स डोंगलवर (लॅपटॉपला लावायचा किल्लीसारखा छोटा तुकडा), आणि ते विंडोज ७ वरच नीट चालतं. लॅपटॉप बदलला की सॉफ्टवेअर नव्यानं घ्यावं लागणार आणि ते लॅपटॉपपेक्षा महाग. त्यामुळं ह्या मशीनचा अडॅप्टर गेला म्हणजे माझं काम थांबलं, आणि डिझाइन थांबलं की समोरच्या कारखानदाराचे माग थांबतात. पहिल्यांदा गेला तेव्हा सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू होती, अर्धी दुकानं दुपारनंतर बंद, दोन दिवस नुसतं बसून काढले मी.

लॅपटॉपच्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण ह्यात कंपनीची काही चूक नव्हती. पिन जाड गोल, आत मधोमध सुईसारखी बारीक काडी असते ना, त्यातला आहे. ही काडी लक्षात ठेवा, पुढं सगळा घोळ तिच्यावरच आहे.

तर चार्जिंग होत नाही म्हणजे नक्की काय होत नाही, हे आधी ठरवायला पाहिजे. भिंतीतल्या सॉकेटपासनं बॅटरीपर्यंत सहा ठिकाणं आहेत जिथं करंट अडकू शकतो. सॉकेट, सॉकेटपासनं अडॅप्टरच्या डब्यापर्यंतची वायर, डबा स्वतः, डब्यापासनं पिनपर्यंतची बारीक वायर, लॅपटॉपचा जॅक, म्हणजे पिन बसते ते भोक, आणि शेवटी बॅटरी. दुकानदार थेट तिसऱ्यावर उडी मारतो कारण तो तेच विकतो.

सॉकेटचं सोपं आहे, त्याच सॉकेटला मोबाईल लावून बघा, पण एक्स्टेंशन बोर्डला नको, थेट भिंतीतल्याला. डब्याला जी वायर घुसते ती तीन भोकांची, तिला मिकी माउस वायर पण म्हणतात, ती बऱ्याच कंपन्यांची एकमेकाला चालते, शेजाऱ्याची आणून लावून बघायची. फक्त ही वायर गेलेली असताना लोकांनी अख्खा अडॅप्टर बदललेला मी डोळ्यांनी बघितलाय. माझ्या चुलतभावानंच केलं तसं.

डब्यावर लाईट असेल तर तिच्याकडं नीट बघा. अडॅप्टर भिंतीला लावला, लॅपटॉपला नाही लावला, आणि लाईट नाहीच लागली तर बहुतेक डबा किंवा भिंतीकडची वायर गेली. लाईट लागली, पण पिन लॅपटॉपमधे घातल्या घातल्या विझली, आणि पिन काढून थोडं थांबून परत लावल्यावर पुन्हा लागली, तर बहुतेक पुढं कुठंतरी शॉर्ट आहे, जॅकमधे किंवा लॅपटॉपच्या आत, आणि अडॅप्टर स्वतःला वाचवायला बंद होतोय. अशा वेळी नवा अडॅप्टर आणला तरी तोही तसाच विझणार. आणि लाईट दोन्ही वेळा व्यवस्थित चालू, तरी चार्जिंग नाही, असं असेल तर मग खरं काम सुरू होतं.

बॅटरी काढता येत असेल, जुन्या मशीनला बहुतेक येते, तर ती काढा आणि नुसत्या अडॅप्टरवर लॅपटॉप चालू करा. चालू झाला आणि चालू राहिला, म्हणजे करंट जॅकपर्यंत आणि आत येतोय. मग दोष बॅटरीत आहे, चार्जिंगच्या सर्किटमधे आहे, किंवा त्या मधल्या काडीत आहे. बॅटरीचं वय बघायचं तर विंडोज ८ आणि त्यापुढच्यात कमांड देऊन बॅटरी रिपोर्ट काढता येतो, विंडोज ७ मधे एनर्जी रिपोर्टमधे तीच माहिती असते. नवी असताना बॅटरीची क्षमता किती होती आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावर किती राहते, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. आणि बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचललं गेलं असेल, तर अडॅप्टरचा विचार सोडा, आधी बॅटरी बाहेर काढून ठेवा, ते धोक्याचं आहे.

आता माझं पहिल्यांदा काय झालं होतं ते. ओरिजिनल अडॅप्टर सात वर्षं चालला, मग पिन हलवली की चार्जिंग, सोडली की बंद असं व्हायला लागलं. मी वायरखाली वही ठेवायची, मग रबर लावायची, असं महिनाभर केलं. शेवटी स्क्रीनवर यायला लागलं की अडॅप्टर कोणता आहे ते ओळखता येत नाही. लॅपटॉप चालायचा पण एकदम संथ, झूम केलं की डिझाइन सरकायलाच मागायचं नाही, आणि चार्जिंग शून्य. मी धरून चालले की अडॅप्टर मेला. तो मेला नव्हता.

तर ती मधली काडी करंटची नसतेच. पिनचा बाहेरचा पत्रा निगेटिव्ह, आतली भिंत पॉझिटिव्ह, आणि मधली काडी ओळखीची. डेलच्या अशा अडॅप्टरमधे एक बारकी मेमरी चिप असते, तिच्यात हा किती वॉटचा आहे ते लिहिलेलं असतं, आणि लॅपटॉप त्या एका तारेवरनं ते वाचतो. वाचता आलं नाही तर लॅपटॉप समजतो की हा कुठला परका अडॅप्टर आहे, ह्याच्यावर जास्त भार टाकायला नको. म्हणून तो प्रोसेसरचा वेग खाली आणतो आणि बॅटरी चार्ज करत नाही. एचपीच्या जाड पिनमधे पण अशीच काडी असते, पण ओळखायची पद्धत वेगळी. लेनोवोच्या चपट्या पिवळ्या पिनमधे त्याच कामाला एक रेझिस्टर असतो. एसर, असूस, तोशिबाच्या जुन्या साध्या गोल पिनमधे बहुतेक हे प्रकरण नसतं, दोनच तारा, त्यामुळं त्यांना बदली अडॅप्टर शोधणं सोपं जातं.

ही ओळखीची तार केसासारखी बारीक असते. पिनच्या मानेपाशी वायर रोज वाकते, तिथं सगळ्यात आधी हीच तुटते. जाड तारा शाबूत राहतात, म्हणून लाईट लागते, लॅपटॉप चालतो, आणि आपण म्हणतो अरे करंट तर येतोय मग चार्जिंग का नाही. नेमकं हेच लक्षण असेल, म्हणजे अडॅप्टर ओळखता येत नाही असा मेसेज किंवा चालतो पण संथ आणि चार्जिंग नाही, तर आधी वायर पिनच्या मानेपाशी आणि डब्यापाशी हळू वाकवून बघा. काडी पण बघा, उजेडात धरून, वाकडी झालीय का, आत गेलीय का. डेलवाल्यांनी चालू होताना एफ २ दाबून बायोसमधे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमधे, जायचं, बॅटरीच्या पानावर अडॅप्टर किती वॉटचा ओळखला ते लिहिलेलं असतं. वायर वाकवताना तिथं कधी वॉट येतात कधी जातात असं दिसलं की निदान झालं.

हे मला कळलं ते फार उशिरा, एका रिपेअरवाल्या अण्णांकडं. तोपर्यंत ओरिजिनल अडॅप्टर मी भंगारवाल्याला दिलेला, त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण फक्त वायर बदलून तो अजून चार-पाच वर्षं चालला असता. अण्णांनी दुसऱ्या एकाचा अडॅप्टर माझ्यासमोर दुरुस्त केला तेव्हा बघितलं, पिनसकट तयार वायर मिळते, जुनी डब्यापाशी कापायची आणि नवी जोडायची. कापल्यावर आत बाहेरून तांब्याची जाळी, मग आवरण, मग जाड तारांचा पुंजका, आणि मधोमध ती एक बारीक तार. अण्णा म्हणाले, "अक्का, बाहेरचे लोक दोनच तारा जोडतात बघा, ही तिसरी सोडून देतात. मग गिऱ्हाईक परत येतंय, चार्जिंग होईना म्हणून." तिन्ही तारांना डाख (सोल्डर) मारून प्रत्येकीवर वेगळी स्लीव्ह चढवली आणि वरनं एक मोठी. पंधरा मिनिटांचं काम. वायर बदलायला दिलीत तर तीन तारा जोडणार का हे आधी विचारा.

एक सांगते, डबा स्वतः उघडायच्या फंदात पडू नका. आत मोठा कपॅसिटर असतो, प्लग काढल्यावरसुद्धा त्यात चार्ज राहतो आणि तो भारी झटका देतो. वायर बाहेरच्या बाहेर जोडता येत असेल तरच.

दुसऱ्या वेळची चूक पूर्णपणे अडॅप्टर घेतानाची. मी पिन दाखवली, दुकानातल्या पोरानं मापाची पिन असलेला डुप्लिकेट काढून दिला, लॅपटॉपमधे घालून लाईट दाखवली, झालं. घरी येऊन लेबल वाचलंच नाही मी. ते लेबल कसं वाचायचं ते आता सांगते, कारण पाटीवर सगळं लिहिलेलं असतं, आपण बघत नाही.

इनपुट म्हणून जे लिहिलेलं असतं, १००-२४० व्होल्ट, ५०-६० हर्ट्झ, ते जवळजवळ सगळ्यांवर सारखं असतं, ते आत्ता सोडा. आउटपुटची ओळ बघा. एक आकडा व्होल्टचा, एक अँपिअरचा. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॉट. जुन्या लॅपटॉपांत साधारण हे आकडे सापडतात: १९.५ व्होल्ट ३.३४ अँपिअर, म्हणजे ६५ वॉट. १९.५ व्होल्ट ४.६२ अँपिअर, म्हणजे ९० वॉट. १९ व्होल्ट ३.४२ अँपिअर, हा एसर-असूसवाल्यांचा ६५ वॉट. १९ व्होल्ट ४.७४, ९० वॉट. लेनोवोचा २० व्होल्ट ३.२५, परत ६५ वॉट. आणि फार जुन्या एचपीला १८.५ व्होल्ट ३.५ अँपिअर.

व्होल्ट जुळलेच पाहिजेत. १९ च्या जागी १९.५ बहुतेक चालून जातं, पण १९ च्या मशीनला १५ चा किंवा २४ चा नाही चालणार. अँपिअर मात्र जुन्याएवढे किंवा जास्त पाहिजेत, कमी नको. बरेच जण ह्याचं उलट धरून बसतात, जास्त अँपिअरचा लावला तर लॅपटॉप जळेल म्हणतात. तसं नाही होत. गच्चीवर टाकी हजार लिटरची असली म्हणून नळातनं पाणी जास्त जोरात येत नाही, नळ जेवढा उघडला तेवढंच येतं. लॅपटॉपला लागेल तेवढाच करंट तो ओढतो. कमी अँपिअरचा लावला तर मात्र छोटी टाकी आणि नळ पूर्ण उघडा, अशी गत.

माझ्या मशीनला ९० वॉट लागत होते, पोरानं दिलेला ६५ चा होता. तरी तो पाच महिने चालला, पण कसा, तर डिझाइनचं काम चालू असताना बॅटरी वाढायचीच नाही, झाकण बंद करून रात्रभर ठेवलं की सकाळी भरलेली मिळायची. मला वाटायचं बॅटरी म्हातारी झाली. आणि डबा असा तापायचा की हात ठेववत नव्हता. एप्रिलमधे सोलापुरात ४१-४२ डिग्री, खोलीला वर पत्रा, पंखा गरम हवाच फिरवतोय, त्यात तो डबा मी टॉवेलच्या सॅम्पलच्या गठ्ठ्यावर ठेवायची. एक दिवस प्लास्टिक करपल्याचा वास आला आणि संपला. गठ्ठ्यातल्या वरच्या टॉवेलवर चौकोनी पिवळा डाग उठला होता, अडॅप्टरच्या मापाचा. ते बघून मी हादरलेच, शेजारच्या खोलीत सुताच्या कोनांची पोती भरलेली असतात.

तुमच्या मशीनला किती वॉट लागतात हे जुन्या अडॅप्टरवरनं कळेल, पण जुना अडॅप्टर ओरिजिनल असेल तरच, माझ्यासारखा मधेच चुकीचा आलेला नसेल तर. नाहीतर लॅपटॉप उलटा करून खालचं स्टिकर बघा, तिथं व्होल्ट आणि अँपिअर असतात. स्टिकर पुसलं असेल तर बॅटरी काढून त्या खोबणीत बघा, बऱ्याच वेळा तिथं पण असतं. एकाच मॉडेलचे दोन प्रकार निघतात, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्याला ९० आणि नसलेल्याला ६५, त्यामुळं नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही.

पिनच्या मापाचं पण असंच. डोळ्याला सारख्या दिसतात आणि नसतात. साध्या गोल पिनमधे बाहेरचं माप ५.५ मिलीमीटर पुष्कळांचं असतं, पण आतलं भोक कुणाचं १.७, कुणाचं २.५. एसरच्या १.७ च्या मशीनमधे २.५ ची पिन घातली तर ती आत जाते, लाईट पण लागेल, पण सैल बसते, आत बारीक ठिणग्या पडतात आणि महिन्या-दोन महिन्यांत जॅक काळा पडतो. मग अडॅप्टर राहिला बाजूला, जॅकचा खर्च. डेल आणि एचपीची काडीवाली जाड पिन, दोन्ही ७.४ मिलीमीटरच्या, एकमेकांत आरामात बसतात आणि व्होल्टही बहुतेक सारखेच, पण ओळख पटेलच असं नाही, आणि दुकानात सर्रास "दोन्हीला चालतो" म्हणून देतात. पिनचा रंग सांगून फोनवर ऑर्डर करू नका, जुना अडॅप्टर आणि लॅपटॉप दोन्ही पिशवीत घालून घेऊन जा. लेबलावर एक छोटं चित्र असतं, मधे ठिपका आणि भोवती अर्धा गोल, त्यावर अधिक-उणेच्या खुणा. ती जुन्या-नव्याची सारखी पाहिजे. लॅपटॉपांत बहुतेक आतला पॉझिटिव्ह असतो, पण बघून घ्यायला काय जातंय.

दुकानात नुसती लाईट लागलेली बघून पैसे देऊ नका हे मी आता सगळ्यांना सांगते. मल्टीमीटरनं मोजून दाखवलं तरी तेवढ्यावर जाऊ नका, रिकाम्या अडॅप्टरवर मीटर १९.५ दाखवेलच, भार आल्यावर किती टिकतो ते मीटर सांगत नाही. तिथंच लॅपटॉप चालू करा, ब्राइटनेस फुल, जड काहीतरी उघडा, बॅटरी निम्म्याच्या खाली असताना जा म्हणजे चार्जिंग पण चालू राहील, आणि वीस मिनिटं थांबा. टक्का वाढतोय का, डबा किती तापतोय, वास येतोय का. गर्दीच्या वेळी दुकानदार कंटाळतो, म्हणून मी दुपारी जेवणानंतर जाते, तेव्हा दुकानं मोकळी असतात आणि "दादा, वीस मिनिटं बसू का इथं" म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही.

घरी मल्टीमीटर असेल तर मोजायला हरकत नाही, डीसीवर ठेवा, रेंज २०० ची घ्या कारण २० च्या रेंजवर २० चा अडॅप्टर मोजला की मीटर नुसता १ दाखवून गप्प बसतो. काडीवाल्या पिनला काळा प्रोब बाहेर, लाल आतल्या भिंतीला, आणि प्रोब घसरून भिंत आणि काडी एकदम टेकणार नाही एवढं सांभाळा, ओळखीची चिप त्यात जाऊ शकते.

लेबलावर अजून एक बघायचं, बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण, आर आणि पुढं आठ आकडे, सोबत आयएस १३२५२ सारखा मानकाचा नंबर. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा सरकारी आदेश पहिल्यांदा २०१२ मधे आला आणि त्यात पुढं कॉम्प्युटरचे अडॅप्टर पण आले. तो आर नंबर बीआयएस केअर ॲपमधे टाकला की कुणाच्या नावावर आहे, कुठल्या वस्तूसाठी आहे ते निघतं. मी दुकानात उभी राहून चार अडॅप्टरचे नंबर टाकले, त्यातल्या एकाचा निघालाच नाही, तो परत ठेवला. खूण छापणं सोपं असतं, नंबर तपासणं पण सोपंच आहे, दोन मिनिटं लागतात.

युनिव्हर्सल अडॅप्टर, आठ-दहा टोकं येतात तो, साध्या दोन तारांच्या मशीनला अडीअडचणीला ठीक आहे. काडीवाल्याला माझ्या अनुभवात नाही जमला, ओळख पटत नाही. टाइप-सी चार्जरला गोल पिनचं कनेक्टर लावून चालवायचे उपाय पण लोक सुचवतात, तिथंही ओळखीचा प्रश्न तसाच राहतो, आणि जुन्या लॅपटॉपला ९० वॉट लागत असतील तर तेवढा देणारा टाइप-सी चार्जर आणि तेवढं झेलणारी केबल दोन्ही पाहिजेत.

मला शेवटी बरा वाटला तो जुना ओरिजिनल. अण्णांकडं एक लाकडी खण आहे, त्यात बंद पडलेल्या लॅपटॉपांचे अडॅप्टर रबर लावून ठेवलेत, प्रत्येकावर पांढऱ्या पट्टीवर वॉट लिहिलेले. त्यांनी ९० वॉटचा, आमच्याच कंपनीचा काढून दिला, समोर अर्धा तास चालवून. दिसायला जुना, कोपरे घासलेले, पण बायोसमधे लगेच ९० वॉट म्हणून ओळखला, आणि लॅपटॉपचा वेग पहिल्यासारखा आला. नव्या डुप्लिकेटपेक्षा वापरलेला ओरिजिनल बरा, हे माझं मत, फक्त वायर पिनपाशी आणि डब्यापाशी कडक झालेली किंवा चिरलेली नको.

हा अडॅप्टर चांगला असूनही सात महिन्यांत गेला. आणि हे तिसरं कारण मला कुणीच सांगितलं नव्हतं. संध्याकाळी काम करत होते, एकदम ट्यूब लख्ख झाली, पंखा जोरात फिरला, मग सगळं मंद, परत लख्ख. अडॅप्टरमधनं टक् असा आवाज आला आणि गेला. मोबाईलचा चार्जर पण त्याच वेळी गेला, राउटर पण. मी आधी लाईट आली-गेली म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी वायरमन मामांना बोलावलं, त्यांनी कारखान्याचा मेन स्विच उघडला तर न्यूट्रलचा, म्हणजे परतीच्या वायरचा, स्क्रू सैल, वायरचं टोक काळंठिक्कर. आमच्याकडं थ्री फेज आहे मागांसाठी. न्यूट्रल सुटला की एका फेजवरचे व्होल्ट २३० वर राहत नाहीत, कुठल्या फेजवर किती भार आहे त्याप्रमाणं एकीकडं १५०, दुसरीकडं ३०० च्या पुढं पण जातात. अडॅप्टरवर स्पष्ट २४० पर्यंत लिहिलेलं असतं. लाईट मंद झाली तर तो सांभाळून घेतो, १०० व्होल्टपर्यंत चालतो, पण वर गेलं की त्याच्या हातात काही नाही. म्हणजे मी दहा अडॅप्टर आणले असते तरी दहाही गेले असते. मामांनी टोक कापून नवं थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) दाबून घट्ट बसवलं, आणि माझ्या खोलीच्या लाईनला व्होल्टेज वर गेलं की बंद करणारं प्रोटेक्टर लावलं. ज्यांच्याकडं ट्यूब मधेच लख्ख होते, पंखा आपोआप जोरात फिरतो, त्यांनी चार्जर बदलायच्या आधी वायरमन बोलवा, आणि हे काम स्वतः करू नका.

त्याच वेळी मामांना अर्थिंग पण बघायला सांगितलं, कारण लॅपटॉपच्या पत्र्याला हात लागला की बारीक चिमटे बसायचे. अडॅप्टरमधल्या फिल्टरमधनं अगदी थोडा करंट गळतो, तो अर्थिंगच्या पिनमधनं निघून जायला पाहिजे. आम्ही तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरमधे घालून वापरत होतो. कन्व्हर्टर काढला, चिमटे गेले.

जॅकबद्दल थोडक्यात, कारण माझा अजून शाबूत आहे. पिन आत घातल्यावर पिनसकट जॅकच हलत असेल, दोन-तीन वेगळ्या अडॅप्टरवर तोच त्रास असेल, तर जॅक. काही मशीनला तो वायरवर असतो, प्लग काढून नवा लावला की झालं. काहींना मदरबोर्डवर डाख मारलेला असतो, ते काम चांगल्या हाताकडंच द्या.

नेटवर जे उपाय मिळतात, बॅटरीचा ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा, बॅटरी काढून पॉवर बटन अर्धा मिनिट दाबून धरा, ते करून बघायला हरकत नाही, फुकटचं आहे आणि कधीकधी खरंच अडकलेलं सुटतं. पण ओळखीची तार तुटलेली असताना त्यानं काही होत नाही, मी करून बघितलंय. बायोस अपडेट मात्र अडॅप्टर असा डळमळीत असताना अजिबात करू नका, मधेच करंट गेला तर मदरबोर्डच अडकून बसतो.

आता चौथा अडॅप्टर आहे, तोही अण्णांच्या खणातला, ९० वॉटचा. टेबलाच्या कडेला दोन लाकडी पट्ट्या ठोकून त्यावर ठेवते म्हणजे खालनं वारा लागतो, आणि आठवड्यातनं एकदा ब्रशनं त्यावरचा सुताचा भुगा झाडते. वायर डब्याला आवळून गुंडाळत नाही, मोठा सैल वेटोळा करून रिबिन बांधते. मेचा पूर्ण महिना काढला त्यानं, डबा कोमट होतो पण हात ठेवता येतो. अजून एक तसलाच आला तर माझ्यासाठी बाजूला ठेवा म्हणून अण्णांना सांगून आलेय, आणि तीन तारांची पिनवाली वायर आत्ताच घेऊन कपाटात टाकलीय.